आफ्रिकेत फौजदारी न्यायव्यवस्था सुधारली का? पहिल्या ४८ तासांत काय घडतं ते पाहा

प्रश्न एका एलएलएमच्या, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: “आफ्रिकेतल्या देशांत गुन्हेगारी रोखण्यासाठी आणि न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी गेली तीस वर्षं परिषदा झाल्या, जाहीरनामे निघाले, परदेशी निधी आला. तरी तुरुंग भरलेलेच. यातलं खरोखर काही चाललं का? आणि प्रबंधासाठी कोणता देश घ्यावा?”

चाललं. जे चाललं ते बहुतेक वेळा कमी खर्चाचं, चिकाटीचं आणि बातमीत न येणारं काम होतं. नवे तुरुंग बांधून, पोलिसांना नव्या गाड्या देऊन किंवा शिक्षा वाढवून जे साधलं नाही, ते अटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्या माणसापर्यंत कुणीतरी पोहोचल्यामुळे साधलं.

मी मूळचा फौजदारी वकील. जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं काढल्यावर कायदेशीर मदतीच्या कामानिमित्त मलावी, युगांडा आणि केनियात राहून पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेल्या पण कायद्याच्या प्रक्रियेत मदत करणाऱ्या, कार्यकर्त्यांना शिकवण्याचं काम केलं. त्यामुळे पुढचं सगळं कोठडीतल्या माणसाच्या बाजूने पाहिलेलं आहे. पोलीस अधिकारी किंवा न्यायाधीश हेच वेगळ्या क्रमाने सांगतील. आणि ‘आफ्रिका’ म्हणजे पन्नासहून अधिक देश. दक्षिण आफ्रिकेतली टोळ्यांची हिंसा आणि मलावीतल्या खेड्यातली सायकलचोरी यांना एकच औषध लागू पडत नाही. म्हणून मी देशांची नावं घेऊनच बोलेन.

तुरुंगातली गर्दी सुरू होते पोलीस ठाण्यात. मलावीचंच घ्या. सायकल चोरल्याच्या संशयावरून एक माणूस धरला जातो. १९९४ ची राज्यघटना सांगते की ४८ तासांत त्याला न्यायालयापुढे उभं करा. ठाण्याकडे गाडी असली तर डिझेल नसतं. डिझेल असलं तर मॅजिस्ट्रेट त्या दिवशी दुसऱ्या गावी असतो. न्यायालयात नेलंच, तर कामकाज इंग्रजीत. आरोपीला येते चिचेवा. मधे दुभाषा म्हणून न्यायालयातला कारकून. जामीन मागता येतो हेच त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी जामीनदार कुठून आणायचा? गाव लांब, घरी कुणाला कळवलेलं नाही. मग रिमांडच्या वॉरंटवर, म्हणजे कोठडीत ठेवण्याच्या न्यायालयीन आदेशावर, पुढची तारीख पडते, त्या तारखेला तुरुंगाची गाडी निघत नाही, वॉरंटची मुदत उलटून जाते, आणि माणूस आत तसाच. त्याला कुणी दुष्टाव्याने डांबून ठेवलेलं नसतं. त्याच्याबद्दल विचारायला येणारं कुणी नसतं, एवढंच.

वकील का येत नाहीत, हा साहजिक प्रश्न. २००० च्या सुमारास मलावीची लोकसंख्या एक कोटीच्या वर होती आणि सगळ्या देशात मिळून वकील होते काही शे. त्यातलेही बहुतेक ब्लँटायर आणि लिलाँग्वे या दोन शहरांत, आणि बहुतेकांची कामं व्यापारी. सरकारी कायदेशीर मदत खात्यात बोटांवर मोजण्याइतकी माणसं. अशा ठिकाणी ‘प्रत्येक आरोपीला वकील’ असं कायद्यात लिहिणं सोपं आहे, पण त्या लिहिण्याने कोठडीचं कुलूप निघत नाही.

याच वर्षी, म्हणजे २००० मध्ये, तिथे पॅरालीगल सल्ला सेवा सुरू झाली. पीनल रिफॉर्म इंटरनॅशनल या तुरुंगसुधारणेसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने काही स्थानिक स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन चार मोठ्या तुरुंगांत हे काम उभं केलं. कार्यकर्ते बहुतेक तरुण, कायद्याची पदवी नसलेले, पण फौजदारी प्रक्रियेचं नेमकं प्रशिक्षण घेतलेले. तुरुंग खात्याशी लेखी आचारसंहिता ठरली: आत काय करायचं, काय नाही, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, न्यायालयात उभं राहून युक्तिवाद करायचा नाही. ही शेवटची अट महत्त्वाची होती, कारण तिच्यामुळे वकिलांच्या संघटनेला आपल्या पोटावर पाय येतोय असं वाटलं नाही. आपल्याकडे विधी स्वयंसेवकांच्या योजना आहेत, पण त्यांना इतकं स्पष्ट कार्यक्षेत्र आणि रोजचा तुरुंगप्रवेश क्वचितच मिळतो.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण अहवालांत ते ‘जनजागृती’ अशा एका शब्दात संपवलेलं असतं. तुरुंगाच्या अंगणात शे-दीडशे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले, जमिनीवर बसलेले. कार्यकर्ता भाषण करत नाही. तो एका कैद्याला मॅजिस्ट्रेट करतो, दुसऱ्याला पोलीस प्रॉसिक्युटर (सरकारी बाजू मांडणारा), तिसऱ्याला आरोपी. खोटा खटला चालतो. ‘मॅजिस्ट्रेट’ विचारतो, “गुन्हा कबूल आहे का?” आरोपी झालेला माणूस म्हणतो, “हो साहेब, पण ती सायकल माझ्या मेहुण्याची होती, त्यानेच वापरायला दिली होती.” इथे खेळ थांबतो. कार्यकर्ता सगळ्यांना विचारतो: याने गुन्हा कबूल केला की नाकारला? अंगणात वाद पेटतो. थोड्या वेळाने सगळ्यांच्या लक्षात येतं की या माणसाने ‘नाही’ म्हणायला हवं होतं. घाबरून, साहेबापुढे नम्र दिसावं म्हणून तो ‘हो’ म्हणाला. मग त्यातलाच एखादा मागच्या रांगेतून सांगतो की मीही असंच म्हणालो होतो. त्यानंतर जामिनाचा खेळ होतो: मॅजिस्ट्रेट काय विचारेल, राहण्याचा पत्ता कसा सांगायचा, जामीनदार म्हणून कुणाचं नाव द्यायचं. महिन्याभराने यातलीच माणसं न्यायालयात उभी राहून स्वतःच्या तोंडाने जामीन मागतात, आणि अनेकांना तो मिळतो.

दुसरा भाग यादीचा. सगळं काम खरं तर या यादीवर उभं आहे. प्रत्येक कच्च्या कैद्याचं नाव, अटकेची तारीख, ठाणं, आरोप, शेवटची तारीख कधी पडली, वॉरंट चालू आहे की संपलंय. हे हाताने वह्यांत लिहून काढायचं. त्यातून वेगळे काढायचे: वॉरंट संपलेले, किरकोळ आरोपांतले, आरोप सिद्ध झाला असता तर मिळाली असती त्याहून जास्त दिवस आत काढलेले, अल्पवयीन, आजारी. मग ही यादी मॅजिस्ट्रेटच्या, प्रॉसिक्युटरच्या आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात एकाच दिवशी द्यायची. तिघांनाही तोवर वाटत असतं की चूक दुसऱ्याकडे आहे. यादी समोर आली की बोलणं थेट नावांवर येतं.

त्यातूनच तुरुंगातली न्यायालयं रूढ झाली. कैद्यांना न्यायालयात न्यायला गाडी नाही ना, मग मॅजिस्ट्रेटच कारकून आणि प्रॉसिक्युटरला घेऊन तुरुंगात येतो आणि यादीतली प्रकरणं एकामागून एक घेतो. कुणाला जामीन, कुणाला जातमुचलका, कुणाची सुटका, कुणाला खटल्याची पक्की तारीख. हे न्यायदान थाटाचं नसतं. टेबल, दोन खुर्च्या, बाजूला फाइलींचा ढीग. पण एका सकाळी जेवढी प्रकरणं हलतात तेवढी न्यायालयाच्या इमारतीत महिन्यात हलत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पुढे हे कार्यकर्ते पोलीस ठाण्यांतही बसू लागले. अल्पवयीन मुलगा धरला गेला तर त्याच दिवशी पालकांना शोधायचं, जामीनदार ठाण्यातच आणायचा. इथे ते ४८ तास खरे होतात.

निकाल काय? सुरुवातीला मलावीच्या तुरुंगांत एक तृतीयांशाहून जास्त कैदी कच्चे होते. पाच-सहा वर्षांत ते प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास आलं. याच सुमारास आफ्रिकेतल्या अनेक देशांत ते निम्म्याच्या वर होतं, नायजेरियात सत्तर टक्क्यांच्या घरात. केनिया आणि युगांडाने हा नमुना उचलला, पुढे बांगलादेशातल्या तुरुंगांतही तो गेला. आणि हो, आपल्याकडचं प्रमाण लक्षात ठेवा: २०२२ च्या अखेरीस भारतातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे होते, म्हणजे चारांतले तीन. ‘आफ्रिका मागासलेली’ अशी सुरुवात करून जे लोक हा विषय वाचायला घेतात त्यांना मी हा आकडा आधी दाखवतो.

आता मर्यादा, कारण प्रबंधात त्या लिहिल्याशिवाय चालणार नाही. कच्च्या कैद्यांचं प्रमाण घटलं, पण तुरुंगातली एकूण माणसं वाढतच गेली. २००० च्या आसपास सात हजार होती, पुढच्या दशकात बारा हजारांच्या वर गेली. जागा तेवढीच राहिली. लिलाँग्वेच्या माउला तुरुंगात माणसं एका कुशीवर एकमेकांना चिकटून झोपत आणि कूस बदलायची तर ठरल्या वेळी सगळी ओळ मिळून बदलत असे. जेवण दिवसातून एकदा, मक्याच्या पिठाचा नसिमा आणि कडधान्य. २००९ मध्ये मसांगानो खटल्यात मलावीच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी गर्दी आणि असं अन्न हा घटनेचा भंग आहे, आणि सरकारला ठरावीक मुदतीत गर्दी कमी करण्याचा आदेश दिला. निकाल वाचण्यासारखा आहे, अंमलबजावणी निराश करणारी आहे. २०१० मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत खटल्याआधीच्या कोठडीला मुदती घातल्या गेल्या, खालच्या न्यायालयांतल्या खटल्यांत ३० दिवस, खुनासारख्या गुन्ह्यांत ९० दिवस. खुनाच्या आरोपींच्या बाबतीत ही मुदत सर्रास मोडली जाते. खून फक्त उच्च न्यायालयात चालतो, न्यायाधीश थोडे, साक्षीदारांना गावाहून आणायला आणि ठेवायला पैसा लागतो आणि तो अंदाजपत्रकात नसतो. तिथे पॅरालीगलची यादी फारसं काही करू शकत नाही. तिसरं म्हणजे निधी. बाहेरून येणारा पैसा आटला की कार्यकर्ते कमी होतात आणि वर्षभरात वॉरंटं पुन्हा संपू लागतात. हे काम सरकारने स्वतःच्या खर्चात घ्यायला हवं होतं. ते आजवर पुरेसं घेतलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र या पॅरालीगल कार्यकर्त्यांनी अशी केली की तिचं मोल आकड्यांत मांडता येत नाही. २००७ मध्ये काफांतायेनी खटल्यात मलावीत सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरली. त्याआधी खून सिद्ध झाला की न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. दारूच्या भरात झालेली मारामारी आणि थंड डोक्याने केलेला खून दोन्ही सारखेच. म्हणून सक्तीने फाशी झालेल्या कैद्यांच्या शिक्षेवर २०१५ पासून फेरसुनावण्या झाल्या. या माणसांच्या आयुष्याबद्दल न्यायालयाच्या कागदावर एक ओळही नव्हती. तेव्हा पॅरालीगल गावोगाव फिरले. आई जिवंत आहे का, लहानपणी डोक्याला मार बसला होता का, गावप्रमुख काय म्हणतो, माणूस परत आला तर गाव घेईल का. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल त्यांनी जबाब गोळा केले. त्यावर उभ्या राहिलेल्या सुनावण्यांतून शंभराहून अधिक माणसं सुटली. शिक्षा ठरवताना माणसाची हकिगत न्यायालयापुढे कशी आणावी, याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही, आणि आपल्या फाशीच्या खटल्यांतल्या वकिलांनी तो अभ्यासावा.

आता धरलं कुणाला जातं याकडे वळू. २०१५ च्या मार्चमध्ये ब्लँटायरजवळ पहाटे चारच्या सुमारास एक फेरीवाला लिंबेच्या बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्या विकायला निघाला होता. पोलिसांनी त्याला ‘उनाड आणि भटका’ या कलमाखाली धरलं. गुन्हा कोणता? वेळ आणि ठिकाण असं की हेतू चांगला नसावा, असा संशय. तो खटला उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरलं. अशी कलमं आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आहेत आणि त्यांचं मूळ इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेपणाच्या कायद्यात आहे. २०१७ मध्ये आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने किरकोळ गुन्ह्यांना गुन्ह्याच्या यादीतून काढण्याबद्दल तत्त्वं मंजूर केली, आणि ४ डिसेंबर २०२० रोजी आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने सल्लागार मत दिलं की असे कायदे मानवाधिकारांच्या आफ्रिकी सनदेशी विसंगत आहेत आणि सरकारांनी ते बदलावेत. हा बदल गुन्हेगारी प्रतिबंधाचाच भाग आहे. फेरीवाल्याला चार दिवस आत ठेवलं तर त्याचा माल जातो, भांडवल जातं, घरभाडं थकतं, आणि खऱ्या चोराबद्दल पोलिसांना काही सांगायची त्याची इच्छा कायमची संपते.

या वारशाशी मुंबईचं नातं आहे, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला फार कमी माहीत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारमधल्या ब्रिटिश न्यायालयाची अपिलं मुंबई उच्च न्यायालयात येत. पूर्व आफ्रिकेत भारतीय दंड संहिताच लागू होती. केनियात ती १९३० पर्यंत चालली, मग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या धर्तीवरची संहिता आली. म्हणजे नैरोबीच्या जुन्या निकालांत आपलीच कलमं भेटतात. आणि भटक्याला गुन्हेगार मानणारा आपला मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा, स्वातंत्र्यानंतरचा. दिल्लीत त्यातली शिक्षेची कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली.

कागदावर सगळ्यात प्रगत कायदे शोधायचे तर नायजेरिया पाहा. २०१५ च्या फौजदारी न्याय प्रशासन कायद्याने संशयित सापडला नाही म्हणून त्याच्या बायकोला, भावाला किंवा आईला धरून ठेवायची पद्धत स्पष्ट शब्दांत बंद केली. मॅजिस्ट्रेटने दरमहा आपल्या हद्दीतल्या ठाण्यांची कोठडी जाऊन पाहावी असंही त्यात आहे. हे कलम मला फार आवडतं. पण केंद्राचा कायदा केंद्राच्या न्यायालयांपुरता, राज्यांनी आपापला करायचा. लागोसने तर २००७ मध्येच केला होता, काहींनी पुष्कळ उशिरा. आणि ज्या राज्यात मॅजिस्ट्रेट खरंच महिन्याला कोठडीत जातो तिथे फरक दिसतो, जिथे जात नाही तिथे कायदा असून नसल्यासारखा. जाणाऱ्या मॅजिस्ट्रेटला पेट्रोलचा भत्ता मिळतो की नाही, अशा गोष्टींवर हे अवलंबून असतं. ‘जामीन मोफत आहे’ अशी पाटी लावलेल्या ठाण्यातच जामिनाचे पैसे मागितले जातात, हे नायजेरियापासून युगांडापर्यंत कुणालाही विचारा.

युगांडाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९९९-२००० च्या सुमारास मसाका जिल्ह्यात पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, तुरुंग आणि प्रोबेशन (आरोपींना तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवणारं खातं) या सगळ्यांनी नियमित एकत्र बसायला सुरुवात केली. आधी प्रत्येक खातं दुसऱ्याला पत्र लिहायचं. एकत्र बसल्यावर कळलं की खटला अडतो तो पोलिसांची फाइल सरकारी वकिलाकडे वेळेत पोहोचत नाही म्हणून, आणि ती पोहोचत नाही कारण न्यायवैद्यक अहवालाची वाट पाहत ती एका टेबलावर पडून असते. हा प्रयोग पुढे देशभर गेला आणि न्याय, कायदा व सुव्यवस्था क्षेत्राचं एकत्र नियोजन त्यातून उभं राहिलं. अशा समित्या मलावी आणि केनियातही आहेत. त्या टिकतात तिथे मी एकच गोष्ट पाहिली: बैठकीत तुरुंगाधिकारी वॉरंट संपलेल्या कैद्यांची नावं वाचून दाखवतो.

झिम्बाब्वेनेही १९९० च्या दशकात मोठं काम केलं, आणि आजच्या बातम्यांत ते झाकलं जातं. थोड्या मुदतीच्या कैदेऐवजी सामाजिक सेवा. शाळा झाडणं, दवाखान्याची दुरुस्ती, बागकाम. मॅजिस्ट्रेट आधी ठरवतो की याला कैदच द्यावी लागली असती, मग ती तहकूब करून तासांत बदलतो, महिन्याला ३५ तास या हिशेबाने. सहा महिन्यांची कैद म्हणजे २१० तास. माणूस घरी राहतो, शेत पेरलं जातं. १९९७ मध्ये तिथल्याच कदोमा शहरात यावर आंतरराष्ट्रीय परिषद होऊन जाहीरनामा निघाला, आणि पुढे केनियाने १९९८ मध्ये, युगांडाने २००० मध्ये असे कायदे केले. याला खर्च लागतो तो देखरेखीचा. कामाच्या ठिकाणी हजेरी कुणी घेतलीच नाही तर मॅजिस्ट्रेटचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा कैद द्यायला लागतो.

रवांडाच्या गाचाचा न्यायालयांबद्दल, म्हणजे गावसभेत चालणाऱ्या न्यायालयांबद्दल, लोक नेहमी विचारतात. १९९४ च्या नरसंहारानंतर लाखाहून अधिक माणसं तुरुंगात होती, नेहमीच्या न्यायालयांना शतक लागलं असतं. २०१२ पर्यंत गावसभांनी सुमारे १९ लाख ६० हजार प्रकरणं निकाली काढली. आरोपीला वकील नाही, आणि आज सत्तेवर असलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या त्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या. अपवादात्मक आपत्तीवरचा तो उपाय होता. रोजच्या चोऱ्यामाऱ्यांसाठी त्यातून धडे काढू नयेत, असं माझं मत आहे.

गुन्हा घडण्याआधीच्या कामाकडे येतो. केपटाउनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत लोक रात्री रेल्वे स्टेशनवरून अंधारातून चालत घरी येतात आणि त्या वाटेवरच लुटले जातात, बलात्कार होतात, खून होतात. २००० च्या दशकाच्या मध्यात महापालिकेने जर्मन विकास बँकेच्या मदतीने आधी लोकांबरोबर फिरून अशा जागांचे नकाशे केले. मग त्या पायवाटांवर ठरावीक अंतरावर छोट्या उजळ इमारती उभ्या केल्या. त्यांची युक्ती दिव्यात नाही, राखणदारात आहे: इमारतीत कुणीतरी दिवसरात्र राहतं, खाली दुकान किंवा खोली, वरून वाट दिसते, आणि पळत आलेल्या बाईला दार उघडून देणारं माणूस तिथे असतं. रस्ते, चौक, वाचनालय, खेळाचं मैदान नंतर आलं. या भागात सुरुवातीला खून घटल्याचे आकडे सांगितले गेले. मी ते जपून वापरतो, कारण २०११ नंतर केपटाउनच्या वस्त्यांत खून पुन्हा चढत गेले आणि एका प्रकल्पाचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे. तिथल्या बाया मात्र कोणत्या वाटेने जायचं ते या इमारती पाहून ठरवत. त्याच वस्तीत जमावाने संशयितांना ठार मारण्याचे प्रकार वाढले म्हणून चौकशी आयोग बसला. २०१४ च्या त्याच्या अहवालात दिसलं की जिथे गुन्हे जास्त आणि लोक गरीब, तिथेच दरडोई पोलीस कमी. २०१८ मध्ये समता न्यायालयाने, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयाने, ही वाटणी भेदभावाची ठरवली. गुन्हेगारीवर बोलताना ‘पोलीस अपुरे आहेत’ असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी ते कुठे अपुरे आहेत हे विचारावं.

लायबेरियातला प्रयोग माझ्या मते या सगळ्यांत अधिक आशादायक आहे. राजधानी मनरोव्हियात यादवी युद्धानंतर रस्त्यावर राहणारे, चोरी आणि अमली पदार्थ यांवर जगणारे ९९९ पुरुष निवडले. काहींना आठ आठवडे गटात बसवून वागणुकीचं मानसोपचारी प्रशिक्षण, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. शिकवणारे स्वतः त्याच आयुष्यातून बाहेर पडलेले. गृहपाठ असा: केस कापून ये, स्वच्छ कपडे घाल, मग बँकेत जा आणि खातं कसं उघडतात ते विचार. ज्याच्याकडे पाहून दुकानदार दार लावून घेतात त्याला हे विचारणं सोपं नसतं. राग आला की हात उचलण्याआधी दोन मिनिटं बाजूला होणं, हेही सरावाने शिकवलेलं. नुसत्या पैशाचा परिणाम लवकर विरला, नुसत्या प्रशिक्षणाचा वर्षभरात ओसरला. दोन्ही मिळालेल्यांमध्ये दहा वर्षांनंतरही गुन्हे आणि हिंसा सुमारे निम्म्याने कमी होती. नगद पैशाने बहुधा त्यांना नव्या ओळखीचा सराव करायला थोडी उसंत मिळाली, छोटा धंदा, चांगले कपडे, झोपायला जागा. 

पोलीस सुधारणेबद्दल मात्र चांगलं सांगण्यासारखं थोडंच आहे. नायजेरियाचं दरोडाविरोधी विशेष पथक छळ आणि खंडणीसाठी कुप्रसिद्ध होतं. सुधारणेच्या घोषणा वर्षानुवर्षं झाल्या, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तरुण मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्यावरच ते बरखास्त झालं. त्याच महिन्यात २० तारखेला लागोसच्या लेक्की टोल नाक्यावर आंदोलकांवर गोळीबार झाला. केनियाने २०११ च्या कायद्याने पोलिसांवर देखरेख ठेवणारं स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. ते तपास करतं, पण साक्षीदार घाबरतात आणि शिक्षेपर्यंत जाणारे खटले फार थोडे. देखरेखीची संस्था असणं गरजेचंच आहे. साक्षीदाराला संरक्षण देणारी यंत्रणा तिच्याबरोबर उभी राहिली नाही तर ती तक्रारी नोंदवत बसते.

आता प्रबंधाचं. मलावीच घ्या. देश लहान, निकाल इंग्रजीत, बरेचसे मोफत वाचायला मिळतात, आणि वीस वर्षांचा प्रवास एका आराखड्यात मावतो. विषय ‘मलावीतील न्यायसुधारणा’ असा मोठा ठेवू नका. ‘२०१० च्या कोठडी-मुदतींचा खुनाच्या आणि चोरीच्या प्रकरणांत वेगळा परिणाम का झाला’ इतका अरुंद ठेवा. वाचनाचा क्रम असा ठेवा: राज्यघटनेचं ४२ वं कलम, मसांगानो निकाल, फेरीवाल्याचा २०१७ चा निकाल, मग आफ्रिकी आयोगाची २०१४ ची लुआंडा मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांत अटक आणि पोलीस कोठडीबद्दलचे निकष एकत्र मिळतात. कंपालात संयुक्त राष्ट्रांशी जोडलेली गुन्हे प्रतिबंधाची आफ्रिकी संस्था आहे. सदस्य देश वर्गणी वेळेवर भरत नाहीत म्हणून ती कायम ओढगस्तीत असते, पण तिथली जुनी प्रशिक्षण टिपणं उपयोगी पडतात. आणि तुलनेसाठी महाराष्ट्रातला एक जिल्हा घेणार असाल, तर तिथल्या विचाराधीन (म्हणजे कच्च्या) कैदी पुनरावलोकन समितीच्या बैठकींचे कागद माहिती अधिकारात मागा: किती नावं समोर आली, किती शिफारसी झाल्या, आणि त्यातली किती माणसं त्या महिन्यात प्रत्यक्ष बाहेर पडली. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी भरलेला नसतो, तेव्हा तो तुरुंगाच्या सुटका नोंदवहीवरून स्वतः भरावा लागेल. त्यासाठी अर्ज आत्ताच करा, परवानगीला वेळ लागतो.